तोंड-घशाच्या कर्करोगाचा शेक: कोणता त्रास कधी होतो आणि त्याआधी काय करून ठेवायचं

शेक म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार. त्यासाठी हाती आलेल्या कागदावर '६६ ग्रे, ३३ फ्रॅक्शन, आयएमआरटी' एवढंच लिहिलेलं असतं आणि ओपीडीत पुढच्या नंबरचा पुकारा झालेला असतो. म्हणून आधी तो कागद वाचून घेऊ. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. फ्रॅक्शन म्हणजे एका दिवसाचा शेक (कुणी लाईट म्हणतं, कुणी करंट). रोज साधारण २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार. ऑपरेशननंतरचा शेक बहुधा ६० ते ६६ ग्रे, म्हणजे सहा-साडेसहा आठवडे चालतो. ऑपरेशन न करता शेकानेच गाठ घालवायची असेल तर ७० ग्रेपर्यंत, सात आठवडे. जोडीला सिस्प्लॅटिनची केमो असेल तर गुण जास्त येतो, आणि तोंडाचा त्रासही जास्त होतो.

आयएमआरटी किंवा व्हीमॅट म्हणजे किरणांचा झोत अनेक कोनांतून, जागेनुसार कमी-जास्त तीव्रतेने सोडायची पद्धत. गाठीच्या जागी पुरी मात्रा बसते. कानाजवळच्या लाळग्रंथी, मज्जारज्जू, आतला कान यांना शक्य तितकं वाचवलं जातं. हा फरक मोठा आहे. ब्रिटनमधल्या 'पारस्पोर्ट' चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात वर्षभरानंतरही तोंड त्रासदायक कोरडं राहिलेल्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होतं, तर आयएमआरटीत ३८ टक्के. पण तोंडाचं, घशाचं आतलं अस्तर गाठीला लागूनच असतं. ते कोणत्याही यंत्राने पूर्ण वाचत नाही. त्यामुळे 'लाखो रुपयांचं नवं मशीन आहे, काही होणार नाही' असं कुणी सांगितलं तरी तयारी ठेवाच.

त्रासाला वेळापत्रक असतं, हे पहिल्यापासून माहीत असलं तर निम्मी घाबरगुंडी टळते. आणि सगळ्या पथ्यांमागे कारण एकच: शेकात खंड पडू नये. चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या कर्करोगाच्या पेशी जोमाने वाढू पाहतात. मध्ये गेलेल्या एकेका दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याच्या आसपास घटते. तोंड, वजन, वेदना, कातडी सांभाळायची ती यासाठी.

१. शेक सुरू होण्याआधी: दात, जबडा, कागद

ऑपरेशन झालं असेल तर शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. टाके सुकेपर्यंत गावी जाऊन निवांत बसलं की हे दिवस हातातून जातात. डिस्चार्जच्याच दिवशी रेडिएशन विभागाची तारीख घ्या.

सर्वात आधी दातांचा डॉक्टर. किडलेले, हलणारे, मुळाशी पू झालेले दात शेकाआधीच काढायचे आणि जखम भरायला किमान दोन आठवडे द्यायचे. शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. मग दात काढला तर खड्डा भरत नाही, हाड उघडं पडतं, सडतं. खालच्या जबड्याच्या दाढांना हा धोका सर्वात जास्त. उरलेल्या दातांची सफाई करून घ्या आणि फ्लोराइड जेल कधी, कसं लावायचं ते विचारून घ्या.

मग तोंड किती उघडतं ते मोजा. पट्टी घेऊन वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर बघा, डायरीत तारखेसह लिहा. तीन बोटं उभी मावली तर ठीक. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर दातखीळ बसायला सुरुवात झाली आहे असं समजा. आपल्याकडे खर्रा, मावा, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांचं तोंड कर्करोगाच्या आधीपासूनच आखडलेलं असतं, त्यामुळे ही नोंद फार कामाची आहे.

सिस्प्लॅटिन असेल तर किडनीचा रक्ततपास आणि कानाची ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) सुरुवातीलाच होऊ द्या. औषध कानावर आणि किडनीवर उतरतं. आधीची नोंद नसेल तर नंतर काय बिघडलं ते कळायला मार्ग राहत नाही.

तंबाखू, विडी, मिश्री, दारू, सगळं आजपासून बंद. मिश्री लावणाऱ्या बायका 'मी तंबाखू खात नाही' असं मनापासून सांगतात. पण मिश्री ही भाजलेली तंबाखूच. शेक चालू असताना तंबाखू राहिली तर तोंड लवकर सोलवटतं, उशिरा भरतं आणि शेकाचा गुण कमी येतो.

फाइलमध्ये हे कागद मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स असे ठेवा:

- बायोप्सी आणि ऑपरेशन झालं असल्यास त्यानंतरचा पॅथॉलॉजी अहवाल
- सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅनचे अहवाल, सीडीसकट
- डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची यादी, मधुमेह-रक्तदाबाचे जुने कागद
- आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड असल्यास ते

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेक बसतो, पण मंजुरी उपचाराच्या आधी लागते. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला बायोप्सीचा अहवाल मिळाल्या दिवशीच भेटा. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८. ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून मग पावत्या दाखवू, असं मनात धरू नका. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला सवलत असते, तिचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून, सही-शिक्क्यासह घ्यायचा असतो. परगावहून येणाऱ्यांनी सात आठवड्यांच्या मुक्कामाची सोय आधी लावावी. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये येणाऱ्यांसाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत. तिथे खोली लगेच मिळेल असं धरून चालू नका, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी काढायला पहिल्याच दिवशी सांगा.

घरी आणून ठेवायच्या वस्तू: अगदी मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, खायचा सोडा, मीठ, थर्मामीटर, वजनकाटा, मिक्सर, बारीक गाळणं किंवा मलमल, सुती मऊ उपरणं, आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांचं एक पाकीट. काड्या कशाला, ते सहाव्या मुद्द्यात.

२. मास्क आणि प्लॅनिंगचा दिवस

आदल्या दिवशी दाढी-मिशा काढा, केस वाढलेले असतील तर कापा. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, कानातलं, कवळी काढून ठेवायची आहे.

मास्क म्हणजे प्लास्टिकची जाळीदार शीट. ती गरम पाण्याच्या ट्रेमध्ये मऊ करतात आणि गरम ओल्या टॉवेलसारखी कपाळापासून हनुवटीपर्यंत, बऱ्याचदा खांद्यांपर्यंत ओढून कडा पलंगाच्या पाटीला अडकवतात. काही मिनिटांत ती गार होऊन कडक होते. नाका-तोंडाने श्वास जाळीतून सहज घेता येतो. या वेळी जबडा घट्ट मिटू नका, गिळणं साधं चालू ठेवा. ज्या ठेवणीत मास्क घट्ट होतो, तीच ठेवण पुढे तेहतीस वेळा घ्यायची असते. मग त्याच मास्कमध्ये सीटी होते. त्यावर डॉक्टर आणि फिजिसिस्ट आराखडा करतात. त्यात बरेचदा आठवडाभर जातो.

रोजच्या शेकाला टेबलावर दहा ते वीस मिनिटं लागतात. किरणं दिसत नाहीत, चटका बसत नाही. आत माणूस एकटा असतो, पण बाहेर कॅमेऱ्यावर सतत लक्ष असतं; घुसमटलं तर हात वर करायचा, यंत्र तत्क्षणी थांबवतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा, त्यावर औषध आहे.

बाहेरून दिलेल्या शेकाने अंगात किरणं राहत नाहीत. नातवंडाला मांडीवर घ्या, घरच्यांच्या पंक्तीला बसा. वेगळं ताट, वेगळी खोली कशालाच कारण नाही. या गैरसमजापायी माणूस घरात वाळीत पडतो, त्याचं जेवण कमी होतं, आणि त्याचा भुर्दंड त्याच्या वजनाला बसतो.

३. आठवड्यांचं गणित

तोंडाच्या अस्तरातल्या पेशी दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नव्या होत असतात. शेकाने नव्या पेशी तयार व्हायच्या थांबतात, पण जुन्या अजून शाबूत असतात. म्हणून पहिले दहा दिवस काहीच होत नाही, आणि 'आपल्याला त्रास नाही' असं वाटून माणूस गाफील राहतो.

दुसऱ्या आठवड्यात लाळ घट्ट, तारेसारखी होऊ लागते, तोंडाला कोरड पडते, चव पुसट होते. तिसऱ्यात तोंडाचं अस्तर लालभडक होतं, ठिकठिकाणी पांढुरके पट्टे उठतात, गिळताना टोचतं. मानेची कातडी सावळी-तांबूस पडते, दाढीचे केस गळतात. चौथ्या-पाचव्यात हे पट्टे एकमेकांना मिळतात. याला आपण तोंड येणं म्हणतो, पण नेहमीच्या तोंड येण्याच्या कितीतरी पट जास्त. चव जवळजवळ जाते. सहाव्या-सातव्यात कातडी सोलवटते, मानेच्या घडीत ओली होते, थकवा इतका येतो की आंघोळ करून आल्यावर झोपावंसं वाटतं.

आणि हे ठळक लिहून ठेवा: शेवटच्या शेकानंतरचे एक-दोन आठवडे सर्वात अवघड. शेक संपला, घरी आलो, तरी तोंड वाईटच होत चाललंय असं दिसतं. पेशी बंद पडण्याचा परिणाम उशिरा दिसतो, तो असा. याच दिवसांत लोक औषधं, गुळण्या सोडतात आणि गावी निघून जातात. पुढे दोन ते सहा आठवड्यांत तोंड भरत येतं; केमो सोबत असेल तर थोडं जास्त लागतं.

४. तोंडाची निगा आणि वेदना

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खायचा सोडा. पहिल्या शेकापासून, तोंड येण्याची वाट न बघता. जागेपणी दर दोन तासांनी, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना. अर्धा मिनिट तोंडात घोळवायचं, थुंकायचं. रोज ताजं करायचं, उरलेलं रात्री ओतून द्यायचं.

यातले घोटाळे ठरलेले आहेत. दुकानात नुसता 'सोडा' मागितला की धुण्याचा सोडा हातात पडू शकतो. तो तोंड भाजतो. बेकिंग पावडरही चालत नाही. 'जास्त घातलं तर जास्त गुण' म्हणून मीठ वाढवलं की आग होते आणि माणूस गुळण्याच टाकून देतो. स्पिरिटयुक्त माउथवॉश, तुरटी, लवंगेचं तेल, ग्लिसरीन यांपैकी काहीही नको. ग्लिसरीन मऊ वाटतं पण तोंड आणखी सुकवतं.

ब्रश दिवसातून दोनदा, आधी कोमट पाण्यात भिजवून. पेस्ट झोंबली तर फ्लोराइड असलेली लहान मुलांची पेस्ट घ्या. कवळी फक्त जेवताना, आणि तोंड आलं की तीही बाजूला. बेंझिडामिनचा माउथवॉश डॉक्टर बरेचदा देतात, त्याने वेदना आणि सूज कमी होते. झोंबला तर तेवढंच पाणी मिसळा. काही केंद्रांत कमी शक्तीच्या लेझरने तोंड येणं सौम्य ठेवता येतं. सोय असेल तर ती सुरुवातीपासून घ्यायची असते, म्हणून पहिल्या आठवड्यातच विचारा.

आग एकाएकी दुप्पट झाली आणि जिभेवर, टाळूवर दह्याच्या कवड्यांसारखे ठिपके दिसले तर बहुधा बुरशी आहे. ती औषधाने काही दिवसांत जाते. खरवडून काढू नका. शेकाने आलेला पांढुरका पापुद्राही कापसाने घासून काढायचा नसतो, खाली रक्त येतं.

चिकट बेडक्याने रात्री झोपमोड होते. उशाला दोन उशा घ्या, झोपण्याआधी सोड्याच्या पाण्याने दोन-तीन वेळा घशापर्यंत गुळण्या करा, पाणी घोट घोट पीत राहा. वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची, मेंथॉल, निलगिरी न घालता.

वेदनेची गोळी घड्याळ बघून घ्यायची. दुखेल तेव्हा घेऊ म्हणालात की जेवणाची वेळ निघून जाते. क्रम साधारण पॅरासिटामॉल, मग ट्रॅमाडॉल, मग मॉर्फिन असा वाढतो. मॉर्फिनचं नाव ऐकून घरचे घाबरतात, 'शेवटचं औषध' समजतात, सवय लागेल म्हणतात. तोंड इतकं सोलवटलेलं असताना डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत मॉर्फिन घेणं हे जेवता यावं म्हणून असतं, आणि तोंड भरलं की ते टप्प्याटप्प्याने बंद होतं. एक मात्र खरं: त्याने पोट घट्ट होतं. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करा. तीन दिवस पोट साफ न होता राहिलं की नाकातल्या नळीतून दिलेलं खाणंही उलटतं. मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. सुट्टीला किंवा शेक संपून गावी जाताना पुरेल एवढं हॉस्पिटलमधूनच घ्या.

सिस्प्लॅटिन चालू असताना मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने आणू नका. दोन्ही मिळून किडनी खराब करतात.

सुन्न करणारं लिग्नोकेन जेल जेवणाआधी देतात. त्याने घसाही बधिर होतो. लगेच भरभर खाल्लं तर ठसका लागतो, गरम लागलेलं कळत नाही. अन्न कोमट ठेवा आणि लहान घोट घ्या.

५. खाणं, वजन, नाकातली नळी

६० किलोच्या माणसाला या काळात रोज साधारण १८०० ते २१०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. घरोघरी होणारी चूक अशी की आजारी माणूस म्हणून डाळीचं वरचं पाणी, तांदळाची पेज, नारळपाणी, मोसंबीचा रस यांवर ठेवलं जातं. पोट भरतं, वजन उतरत जातं. आंबट रसाने तोंडाची आग होते ती वेगळीच.

एक पेला असा करून बघा: २०० मिली साईसकट दूध, दोन मोठे चमचे दुधाची पावडर, दोन चमचे शिजवलेलं नाचणी सत्त्व किंवा सातूचं पीठ, एक चहाचा चमचा तेल किंवा तूप, चवीपुरती साखर. मिक्सरमधून फिरवून गाळला की सुमारे ३५० कॅलरी आणि १३-१४ ग्रॅम प्रथिनं होतात. दिवसात असे सहा पेले गेले तर हिशोब पुरा होतो. मधुमेह असेल तर साखर वगळून आहारतज्ज्ञांकडून बदल करून घ्या. जुलाब लागले तर दूध कमी करून दाट डाळ, उकडलेलं अंडं, पनीर मिक्सरमधून काढून घाला. कच्चं अंडं कधीही नको.

तोंडाने जाईल तोवर गुरगुट्या भात, खिमट, दलियाची पातळ खीर, दुधात भिजवलेली पोळी, साजूक तूप सढळ. तिखट, आंबट, कडक, वाफाळतं सारं बंद. चव गेली असताना 'काय खावंसं वाटतं' हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर 'काहीच नाही' असंच येणार. दर दोन तासांनी गजर लावा आणि पेला हातात द्या.

वजन दर सोमवारी, त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी. ६० किलोचे ५७ झाले की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. चेहरा-मान उतरली की मास्क सैल होतो, डोकं आत हलू लागतं आणि ज्या मिलिमीटरच्या अचूकतेसाठी आयएमआरटी केलं तीच बिघडते. अशा वेळी नवा मास्क आणि नवा आराखडा लागू शकतो.

रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, खाणं देण्याची नळी) घातली म्हणजे हार मानली असं समजून लोक ती टाळत राहतात, पाच-सात किलो घालवतात आणि शेवटी अशक्तपणाने भरती होतात. गरज दिसली की वेळेवर घालून घ्या. ट्यूबने खाणं देताना:

- नाकाशी ट्यूबवर जी खूण किंवा आकडा आहे तो लिहून ठेवा. प्रत्येक वेळी आधी तो बघा. ट्यूब बाहेर सरकलेली दिसली तर काही देऊ नका.
- रुग्णाला बसवूनच द्यायचं आणि नंतर अर्धा ते एक तास बसवून ठेवायचं. आडवं करून दिलं तर अन्न वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं.
- आधी आणि नंतर ३० ते ५० मिली पाणी. हे चुकलं की ट्यूब तुंबते.
- एका वेळी २०० ते २५० मिली. सिरिंजचा दट्ट्या काढून, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं. जोराने ढकलायचं नाही.
- गोळ्या एकेक करून, बारीक कुटून, पाण्यात विरघळवून. ज्या गोळ्या पोटात हळूहळू विरघळायच्या असतात त्या कुटायच्या नसतात. लांब असर करणारी मॉर्फिनची गोळी कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं. कोणती गोळी कुटायची ते फार्मासिस्टकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.
- ट्यूब निघून आली तर घरी परत घालू नका.
- ट्यूब मास्क झाल्यानंतर घातली असेल तर मास्क नाकाशी दाबत नाही ना, ते तंत्रज्ञाला दाखवा.

सगळं धरून दिवसाला दोन-अडीच लिटर द्रव गेलं पाहिजे. लघवी गडद, थोडी होऊ लागली तर पाणी कमी पडतंय.

६. जबडा आणि गिळणं: न दिसणारं नुकसान

तोंड आलेलं दिसतं, म्हणून त्याची काळजी घेतली जाते. जबड्याचे स्नायू आणि गिळण्याचे स्नायू मात्र गुपचूप आखडत जातात आणि ते महिन्यांनी लक्षात येतं. तोवर वेळ गेलेली असते. या लेखातला एकच भाग करायचा असेल तर हा करा.

लाकडी काड्या एकावर एक रचून त्यांना रबर लावा. जेवढ्या दातांमध्ये सहज मावतात तेवढ्या घ्या, मग मध्ये एक काडी सरकवा. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. सात सेकंद धरा, सोडा. असं सात वेळा, दिवसातून सात वेळा. डायरीत काड्यांचा आकडा लिहा: आज १४, पंधरवड्याने १५. पाचव्या आठवड्यात आकडा उतरतो, उतरू द्या, पण सोडू नका. त्या दिवसांत गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने करा. शेक संपल्यावरही निदान दोन वर्षं हे चालू ठेवायचं आहे, कारण आखडणं शेक संपल्यावर महिनोन्‌महिने सुरूच असतं. पुढचे दात हलत असतील किंवा जबड्याचं हाड काढून प्लेट बसवली असेल तर व्यायाम डॉक्टरांना विचारून ठरवा.

गिळण्याचंही तसंच. ट्यूब असली तरी गिळण्याच्या तज्ज्ञांनी परवानगी दिली असेल तर दिवसातून अनेकदा पाण्याचे घोट, पातळ खिमटाचा चमचा गिळत राहा. काही आठवडे काहीच न गिळलेला घसा गिळायला विसरतो. जोर लावून गिळणं, जिभेचं टोक दातात हलकं धरून आवंढा गिळणं असे व्यायाम स्पीच थेरपिस्ट शिकवतात. शेक सुरू होण्याआधी एकदा भेटा. पाणी पिताना वारंवार ठसका, जेवणानंतर आवाज घरघरता, संध्याकाळी कणकण, ही अन्न श्वासनळीत जात असल्याची चिन्हं आहेत. अशा वेळी घोट थांबवा आणि दाखवा.

७. मानेची कातडी

कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. ब्लेड बंद, दाढी हवीच असेल तर विजेच्या यंत्राने. कडक कॉलर, साखळी, जरीची किनार काहीही मानेला लागू नये. उन्हात सुती उपरणं गुंडाळा.

हळद, चंदन, कोरफडीचा गर, खोबरेल, देवाचा अंगारा, काय लावायचं ते विचारल्याशिवाय लावू नका. मलमाचा जाड थर देऊन शेकाला गेलं तर कातडीवर बसणारी मात्रा वाढते. गरम पाण्याची पिशवी आणि बर्फ दोन्ही वर्ज्य. कातडी ओली झाली की डॉक्टर मलम किंवा ड्रेसिंग ठरवतात. चिकटपट्टी थेट कातडीवर लावू नका. शेक संपल्यावर दोन ते चार आठवड्यांत नवी कातडी येते. काळपटपणा बराच काळ राहतो.

८. शेक चुकवायची वेळ आली तर

गणपती, दिवाळी, लग्न, पेरणी, कोर्टाची तारीख, सगळं आधी सांगून ठेवा म्हणजे सुरुवातीची तारीख तशी धरता येईल. यंत्र बंद पडलं तर बुडालेला शेक शनिवारी, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा देऊन भरून काढता येतो. हे आपण होऊन विचारा. तोंड फार आलं म्हणून घरीच बसू नका. हॉस्पिटलला जा, थांबायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

पुढीलपैकी काही झालं तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता थेट आणीबाणी विभागात:

- ताप १००.४ अंशांवर, विशेषतः केमो चालू असताना
- श्वास घेताना घर्र आवाज, श्वास अडणं
- तोंडातून किंवा मानेतून थांबत नसलेलं रक्त
- दिवसभर काहीही पोटात न जाणं, सततच्या उलट्या, लघवी अगदी कमी
- एकाएकी कमी ऐकू येणं, गुंगी, बरळणं

९. शेक संपल्यावरचं वर्ष आणि पुढे

पहिले दोन महिने गुळण्या, काड्या, पेले सगळं तसंच चालू. चव हळूहळू परतते. बहुतेकांना दोन ते सहा महिने, काहींना वर्ष लागतं. लाळ सर्वात उशिरा, वर्ष-दोन वर्षांत, आणि बरेचदा पूर्वीइतकी होतच नाही. पाण्याची बाटली सोबत बाळगा, रात्री उशाशी ठेवा, जेवणात कालवण पातळ ठेवा.

पेट स्कॅन सांगितला असेल तर तो शेक संपल्यावर साधारण १२ आठवड्यांनी असतो. घाई करून आधी काढला तर सुजेमुळे खोटी गाठ दिसते आणि घरभर रडारड होते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हनुवटीखाली सूज येते, सकाळी जास्त, दुपारी कमी. ही बहुधा अडलेल्या द्रवाची असते, फिजिओथेरपिस्ट मसाज शिकवतात. पण कडक, रोज वाढणारी गाठ लागली तर लगेच दाखवा. मान वाकवल्यावर पाठीतून पायांपर्यंत वीज गेल्यासारखं होणं हेही दोन-चार महिन्यांनी काहींना होतं आणि बहुधा आपोआप जातं. डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला.

मानेला शेक झालेल्यांची थायरॉइड ग्रंथी महिन्या-वर्षांनी मंदावू शकते. थकवा, अंग जड, थंडी सहन न होणं, मलावरोध हे 'अशक्तपणा' म्हणून सोडून दिलं जातं. टीएसएच ही साधी रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करा.

लाळ नसलेल्या तोंडात दात मुळाशी, हिरडीच्या कडेला किडतात, आणि भराभर. फ्लोराइड रोज, दंतवैद्य दर सहा महिन्यांनी. दाढ दुखली तर गावातल्या दवाखान्यात जाऊन ती काढून घेऊ नका, दहा वर्षांनी दुखली तरीही. शेक कुठे, किती ग्रे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहिलेला समाप्तीचा कागद रेडिएशन विभागाकडून मागून घ्या. त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक झेरॉक्स पाकिटात ठेवा. वर ठळक लिहा: 'जबड्याला शेक झालेला आहे. दात काढण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा.' दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्याबरोबर, तोंड उघडायच्या आधी, तो कागद त्यांच्या हातात द्या.